घरगुती बो प्रेस, चाकं आणि हुकासह

आमच्या वालचंदनगरच्या कॉलनीत लोखंडाची वस्तू कोणी विकत आणत नाही.

आणायला बंदी नाही. पण ज्या गावात माणसं आयुष्यभर साखर कारखान्यांचे गिअरबॉक्स आणि घराएवढ्या टाक्या बनवतात, तिथं कपडे वाळत घालायचा स्टँड दुकानातून आणायचा म्हणजे आचाऱ्याच्या घरी खानावळीचा डबा येण्यासारखं. तोंडावर कोणी काही बोलत नाही. शेजारी चहाला येतात, स्टँडला बोटानं टिचकी मारतात आणि "पत्रा वाटतं?" एवढंच विचारून बिस्कीट उचलतात. त्यामुळं आमच्याकडं सगळं घरी बनवलेलं. आमचं स्टूल हलवायला दोन माणसं लागतात. कूलरचा स्टँड असा दणकट आहे की उद्या कूलर बिघडला तर त्यावर म्हैस उभी करता येईल! (म्हैस घ्यायचा विषय सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, वेळीच हाणून पाडला.)

मी कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात आहे. निवृत्ती जवळ आलीय आणि गुडघे माझ्या आधीच निवृत्त झालेत. रविवारी दुपारी जेवून आडवं पडावं, पंखा चालू असावा आणि कोणी "अहो" म्हणू नये, एवढीच माझी इच्छा उरलेली. पण आमची कन्या ऋतुजा तिरंदाज निघाली.

तिचं धनुष्य म्हणजे वाकवलेला बांबू आणि त्याला बांधलेली दोरी नव्हे. त्याला कंपाउंड म्हणतात. दोन्ही टोकांना चाकं, मधे केबली, जिकडंतिकडं स्क्रू. आणि त्याची पाती, म्हणजे वरखालचे वाकणारे भाग, इतकी ताठ की दोरी झिजली तर हातानं बदलताच येत नाही. त्यासाठी बो प्रेस नावाची चौकट लागते. धनुष्य तिच्यात अडकवायचं, दांडा फिरवायचा, पाती दोन्हीकडून दाबली जातात, दोरी सैल पडते. नवी दोरी घालायची, दांडा उलटा फिरवायचा, झालं काम. ती चौकट होती पुण्यात, एका दुकानात. म्हणजे दोरी बदलायची तर पहाटे उठा, गाडी काढा, पुणे गाठा, ट्रॅफिकमध्ये बसून गुडघ्यांना समजावा. दुकानदार आमच्या हातातला चहा संपायच्या आत धनुष्य परत द्यायचा. मग पुन्हा तेवढंच अंतर उलट दिशेनं. असे माझे कितीतरी रविवार त्या दोरीनं खाल्ले.

शेवटच्या खेपेला मी तो प्रेस नीट बघितला. एक पाईप, एक स्क्रू आणि चार लोखंडी बोटं. घरी येऊन पाय वर करून बसलो आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

"हे तर मी घरी बनवेन."

सुनंदानं हातातली भाजी खाली ठेवली. "अहो, विकत मिळत असेल ना?"

"मिळतो," ऋतुजा म्हणाली. "पप्पा, खरंच मिळतो. आठवड्यात घरपोच येतो. आपण घेऊया ना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी निवड चाचणी आहे बारामतीला, आणि दोरीचे धागे निघायला लागलेत. या वयोगटातली माझी शेवटची चाचणी आहे."

ती हे शांतपणे म्हणाली, पण मागच्या वर्षी यादीत नाव नव्हतं तेव्हा तिनं जेवण सोडलं होतं ते आम्ही दोघांनी बघितलं होतं. त्यामुळं मी लगेच विकतचा मागवणार होतो, देवाशप्पथ मागवणार होतो. पण तेवढ्यात शेजारचे जगदाळे काका आले. काका कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यातून रिटायर झालेले. अजूनही कोणाच्या घरी गेले की आधी दाराच्या बिजागऱ्या तपासतात. त्यांनी ऋतुजाच्या फोनवरचा प्रेसचा फोटो चष्मा वर करून बघितला.

"अ‍ॅल्युमिनियम?" काका म्हणाले.

एवढंच. बिस्कीट उचललं. मी त्याच दिवशी ड्रॉइंगला बसलो.

ड्रॉइंग चांगलं झालं होतं, हे मी आजही सांगतो. आटोपशीर, टेबलावर मावणारं. काकांनी ते बघितलं आणि विचारलं, "सेफ्टी किती धरलीय?" मी सांगितलं. "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. दुप्पट धरा." मी दुप्पट धरली. संध्याकाळी पुन्हा आले. "मी म्हटलं म्हणून दुप्पट धरलीत, पण तुमच्या मनानं काही धरलीत की नाही?" मग मी माझ्या मनानं आणखी दुप्पट धरली. ड्रॉइंग टेबलावरून खाली उतरलं.

आता बनवायचं कोणी? तर शेळगावला माझे मेहुणे बाळासाहेब. त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, उसाच्या ट्रॉल्या बनवतात. माणूस सोन्यासारखा, पण हात ट्रॉलीला बसलेला. त्यांनी एकदा देव्हारा बनवला होता, त्याला मागं ट्रॉलीसारखा फाळका होता! मी ड्रॉइंग घेऊन गेलो तर त्यांनी ते उभं धरलं, आडवं धरलं आणि मग मला परत दिलं.

"दाजी, ह्यो पाईप काय?"

"पाईपच. मुख्य कणा."

"पाईपाव मी माझं नाव न्हाय टाकायचा. लाज काढताय व्हय माझी? भाचीचं काम हाय. ट्रॉलीचा चॅनेल पडलाय मागं, त्यो लावू."

"बाळासाहेब, धनुष्य हातात उचलायचं असतं. त्यात ऊस भरायचा नाही."

"आसंल. पर उद्या भरायचा म्हटलं तर भरता आला पायजे का न्हाय?"

मी दमलो होतो. शेळगावला ऊन रणरणत होतं, वर्कशॉपात वेल्डिंग चालू होतं आणि मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. मी म्हणालो, "करा तुम्हाला पटेल तसं." ही माझी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक. (पुढं आणखी मोठ्या झाल्या, पण त्या बाळासाहेबांबरोबर भागीदारीत होत्या.)

नवरात्रात रोज फोन यायचा. पहिला फोन: "दाजी, चौकट झाली. चौघांनी उचलंना, म्हून खाली चाकं लावतोय." पुढचा: "चाकं लावली तर म्हटलं फुडं हूक बी टाकू. न्यायला सोपं." त्याच्या पुढचा: "हूक हाय म्हटल्याव मागं रिफ्लेक्टर नगं? पोलीस धरतील की!" नटबोल्टचा विषय मी काढून बघितला. बाळासाहेबांचा नटबोल्टवर विश्वास नाही. जे सुटू शकतं ते काम कच्चं, असं त्यांचं मत. त्यामुळं मशीन सगळं वेल्डिंगमध्ये.

खंडेनवमीच्या सकाळी कॉलनीत ट्रॅक्टरचा आवाज आला. बाळासाहेब स्वतः चालवत होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गुलाल. मागं आमचा घरगुती बो प्रेस. तो घरात जाणार नव्हता हे फाटकातच कळलं, कारण तो फाटकातूनही जाईना. शेवटी कुंपणाची तार काढून अंगणात घेतला. जगदाळे काकांनी चारही बाजूंनी फिरून हातोडीनं ठोकून बघितला आणि खडूनं वर "ओके" लिहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऋतुजा दारात उभी होती. तिनं मशीन चाकांपासून हुकापर्यंत बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "हा दाबणार आहे की रस काढणार आहे?"

"तू धनुष्य तर लाव!" मामा म्हणाले.

आणि खरं सांगतो, मशीन चाललं! धनुष्य बोटांत अडकवलं, मी दांडा फिरवला, पाती लोण्यासारखी दबली, जुनी दोरी सैल पडून खाली आली. टाळ्या वाजल्या. मी कमरेवर हात ठेवून कॉलनीकडं बघितलं. आता नवी दोरी घालायची, दांडा उलटा फिरवायचा, बस्स. पण तेवढ्यात सुनंदा पूजेचं ताट घेऊन बाहेर आली.

"थांबा. आज नवमी आहे. घरात खरं हत्यार आहे, त्याचं खरं यंत्र आहे. आधी पूजा."

आता यात चूक कोणाची म्हणायची? आमच्या गावात या दिवशी लेथपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, मशीनच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, हुकावर नारळ फोडला. धनुष्यावर सुनंदानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नवी दोरी उचलायला ऋतुजा पुढं झाली तर जगदाळे काका आडवे आले.

"पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही."

"काका, पण दोरी..."

"उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की घाल. एका दिवसानं काय होतंय?"

काय होतंय! मी जेवून आडवा झालो. नवरात्रभर पहिल्यांदा मला शांत झोप लागली. आणि मी झोपलेला असताना बाळासाहेबांना असं वाटलं की पूजेचं मशीन नुसत्या लाल प्रायमरवर ठेवणं बरं दिसत नाही. दसऱ्याला मशीन रंगवायची पद्धतच आहे. फक्त रंगवणारा माणूस आधी स्क्रूच्या आट्यांना कापड गुंडाळतो. बाळासाहेब ट्रॉली रंगवतात, आणि ट्रॉलीला आटे नसतात.

मी उठलो तर मशीन आकाशी निळं. चॅनेल निळा, चाकं पिवळी, दांडा निळा, स्क्रूचे आटे रंगानं भरून गुळगुळीत. मागच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: "भाचीचा नाद करायचा न्हाय."

"पुजलेलं हलवायचं नाही ना?" मी काकांना म्हणालो.

"रंगवलं, हलवलं कुठं?" काका म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. ऋतुजानं नवी दोरी आणि केबली घातल्या, सुरेख घातल्या. मग मी दांडा उलटा फिरवायला घेतला. तो हलेना. बाळासाहेबांनी जोर लावला, हलेना. आम्ही दोघांनी मिळून लावला तर अख्खं मशीनच चाकांवरून अंगणातल्या गुलमोहराकडं निघालं! जगदाळे काकांनी रॉकेल सुचवलं, त्यानं अंगणभर वास सुटला आणि रंग जास्त चमकायला लागला. थिनर बाळासाहेबांनी सगळा रंगातच ओतलेला. रंगाच्या दुकानाला दसऱ्याचं कुलूप, कुलपाला तोरण.

"हातोडी द्या," बाळासाहेब म्हणाले. "न्हायतर गॅसकटर आनतो. बोटं कापली की सुटतंय बगा."

ऋतुजा धनुष्याच्या समोर येऊन उभी राहिली. "कोणी हात लावायचा नाही! दाबलेलं आहे ते. एक पातं तडकलं तर संपलं सगळं. उद्या चाचणी आहे माझी!"

तिचा आवाज फुटला. मग ती ओट्यावर बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. एवढ्या दणकट मशीनशेजारी उभा राहून मला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. आठवड्यात घरपोच येणारी वस्तू मी शेजाऱ्याच्या एका शब्दापायी घेतली नाही. माझी लेक वर्षभर उन्हात उभी राहून बाण मारत होती आणि तिचं धनुष्य तिच्या बापानं आणि मामानं मिळून ऑइल पेंटमध्ये पुरलं होतं. मला फार लाज वाटली.

ऋतुजाला तिरंदाजी शिकवणाऱ्या बारामतीच्या सरांना फोन लावला. सर शांत माणूस. "अडकलंय ना प्रेसमध्ये? ओढाओढ करू नका. आहे तसं प्रेससकट घेऊन या, बघू इथं."

"प्रेससकट?"

"हो, त्यात काय? डिकीत टाका."

मी फोन ठेवला आणि बाळासाहेबांकडं बघितलं. त्यांनी आधीच ट्रॅक्टर चालू केला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आमची वरात निघाली. पुढं ट्रॅक्टर, मागं निळं मशीन, त्यात झेंडूच्या हारासकट धनुष्य. आणि धनुष्याला हादरा बसू नये म्हणून मशीनवर गादी टाकून बसलेला मी. पाती तडकू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. सुनंदा आणि ऋतुजा मोटारीतून मागं येत होत्या, पण ऋतुजाच्या सांगण्यावरून बरंच अंतर ठेवून. रस्त्यानं प्रत्येक जण विचारायचा, "कसलं मशीन?" आणि बाळासाहेब प्रत्येकाला ट्रॅक्टर हळू करून सांगायचे, "धनुष्याचं! भाचीचं हाय! दाजींनी डिझाइन केलंय!" शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं असतं तरी चाललं असतं.

मैदानाच्या फाटकावर वॉचमननं काठी आडवी घातली.

"ऊस हितं न्हाय. कारखाना फुडं हाय."

"ऊस न्हाय, खेळाडूचं सामान हाय," बाळासाहेब म्हणाले.

वॉचमननं मशीन बघितलं, मागचं वाक्य वाचलं, मग गादीवरच्या माझ्याकडं बघितलं. "आन् हे?"

"हे पप्पा," मागून येऊन ऋतुजा म्हणाली. तिच्या तोंडावर जे काही होतं ते मला बघवलं नाही, मी हार नीट करत बसलो.

आत सगळे तिरंदाज साहित्य तपासणीच्या रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात छोटीशी पेटी. आमचा ट्रॅक्टर रांगेत लागला. सरांनी दुरून बघितलं, जवळ आले, मशीनभोवती एक फेरी मारली. मग खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. खांदे मात्र हलत होते. तपासणीवाल्या साहेबांनी विचारलं, "हे सगळं खेळाडू वापरणार आहे का?" सर म्हणाले, "धनुष्य वापरणार आहे. बाकीचं परत जाईल."

पण स्क्रू सरांच्यानंही हलेना. चाचणी सुरू व्हायची वेळ जवळ आली. ऋतुजा आट्यांवर नखानं रंग खरवडत होती, तो नखात जात होता, आट्यातून निघत नव्हता. शेजारच्या रांगेत सायली नावाची कऱ्हाटीची मुलगी होती. हीच मागच्या वर्षी यादीत आली आणि आमची राहिली. तिची नखं लालभडक रंगवलेली. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं आपली पिशवी उघडून एक छोटी बाटली काढली.

"नखाचा रंग काढायचं हाय. ह्यानं निघतोय का बग. ओला असंल अजून आतून."

ऋतुजानं तिच्याकडं बघितलं. "तुला लागलं तर?"

"घे गं. तू नसलीस तर मला जिंकल्यासारखं वाटायचं न्हाय."

ऋतुजानं बाटली ओतली, कोणाचा तरी दातांचा ब्रश घेतला आणि घासायला बसली. निळं पाणी गळायला लागलं. बाळासाहेब आणि मी मदतीला एकदमच वाकलो.

"मामा, तुम्ही दांडा धरा, मी सांगेन तेव्हाच, मी सांगेन तेवढाच. पप्पा..." ती थांबली. "पप्पा, तुम्ही गादीवर बसा."

मी गादीवर बसलो. दांडा कुरकुरला, हलला, मग गरकन फिरला. पाती सावकाश उघडली, दोरी ताणली गेली आणि धनुष्य तिच्या हातात आलं. निळे डाग पडलेलं, स्वस्तिक काढलेलं, पण अखंड. बाळासाहेब उघडउघड रडत होते आणि त्याच हातांनी डोळे पुसत होते, त्यामुळं तेही निळे झाले.

सराव फेरीतला पहिला बाण तर कुठल्या कुठं गेला. नवी दोरी, न जुळवलेली. ती स्क्रू फिरवायची, मारायची, पुन्हा फिरवायची. आम्ही तिघं ट्रॅक्टरच्या सावलीत एकमेकांकडं न बघता बसलो होतो. हळूहळू बाण मधल्या पिवळ्या गोलात जायला लागले. संध्याकाळी यादी लागली, तिच्यात सायली वर होती आणि आमची ऋतुजा शेवटी, पण यादीत! ती पळत आली, आईच्या गळ्यात पडली, मामाच्या पडली आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, आता तरी विकतचा घ्यायचा?"

"आजच," मी म्हणालो. तिथंच फोन काढून मागवला. जगदाळे काकांना काय वाटेल याचा विचारही केला नाही. (थोडा केला.)

बरोबर आठवड्यानं खोकं आलं. बाहेर लिहिलेलं, सुटे भाग, जोडणी स्वतः करावी. ते वाचून माझे डोळे चमकले असावेत, कारण ऋतुजानं खोकं उचललं, आत गेली आणि खोलीला आतून कडी लावली. जेवायच्या आत प्रेस जोडून तयार. टेबलावर मावतो, एका हातानं उचलता येतो, आणि मला त्याला हात लावायची परवानगी नाही. सुनंदानं माझे पाने कुठंतरी लपवून ठेवलेत.

माझ्या वाट्याला रिकामं खोकं आलं. तक्रार नाही. जुनी वर्तमानपत्रं ठेवायला बरं आहे, पण पुठ्ठा जरा लेचापेचा वाटला, म्हणून बाळासाहेबांना फोन केलाय. चारी कोपऱ्यांना लोखंडी अँगल मारून देतो म्हणाले.